खाडा वजा होणार का?

रात्रीचे साडेअकरा. आईला जाऊन पाच आठवडे झाले होते. झोप येईना म्हणून मी फोनवर थेरपीचं एक ॲप उघडलं. त्यानं १४ प्रश्न विचारले. झोप कशी आहे, भूक कशी आहे, रडू येतं का, कामात लक्ष लागतं का. तेराव्या प्रश्नापर्यंत माझे डोळे भरून आले होते. चौदाव्यानंतर पडद्यावर किमती आल्या.

वेळ बरोब्बर साधली होती.

तीन चौकटी होत्या. डावीकडे ४ सेशन, उजवीकडे २४ आणि मधोमध ठळक जांभळ्या रंगात १२. त्यावर पट्टी, 'सर्वाधिक पसंती'. वर उलटं चालणारं घड्याळ, सवलत संपायला १४ मिनिटं. एकच सेशन घ्यायची सोय होती का? होती. सगळ्यात खाली, फिकट करड्या अक्षरांतली एक ओळ. ती मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली.

तोवर बाराचे पैसे गेले होते.

पहिली दोन सेशनं बरी झाली. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी निरोप आला, तुमच्या थेरपिस्ट आता आमच्याकडे नाहीत, दुसऱ्या देतो. दुसऱ्या बाईंचा पहिला प्रश्न होता, "सांगा, काय झालंय?" आईचं आजारपण, आयसीयूचे नऊ दिवस, तिचा मी न उचललेला शेवटचा फोन. सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर ते ॲप उघडायचा धीरच झाला नाही. उघडलं तेव्हा उरलेल्या नऊ सेशनांची मुदत संपली होती. ९० दिवसांची मुदत अटींमध्ये लिहिली आहे, असं उत्तर आलं.

अटी कधी वाचायच्या होत्या? रात्री साडेअकराला, रडता रडता?

पुण्यात शिकायला आलेल्या कुठल्याही पोराला विचारा, खाडा म्हणजे काय. दोन दिवस गावी जायचं असलं की आदल्या दिवशी मेसच्या मावशींना सांगायचं. वहीत फुली पडते आणि महिन्याच्या हिशेबातून तेवढे डबे वजा होतात. दुधाचा रतीब असाच चालतो, पेपरही असाच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या चार फुल्या, एवढाच करार. त्यावर पिढ्यान् पिढ्या निभावलं.

डब्याचा खाडा वजा होतो. मनाच्या दुखण्याचा खाडा मात्र बुडीत खात्यात?

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादीच काढली. डार्क पॅटर्न म्हणतात त्यांना. त्यात खोटी घाई लावणं आहे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं आहे, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणंही आहे. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

पण तक्रार करणार कोण? थेरपीचे पैसे बुडाले हे सांगायचं, तर थेरपी घेतली हे आधी सांगावं लागतं.

सासरी माहीत नाही, ऑफिसात माहीत नाही, शेजारच्यांना तर मुळीच माहीत नाही. जिमचे पैसे बुडाले तर माणूस चारचौघांत शिव्या घालतो. थेरपीचे बुडाले तर गप्प बसतो. या गप्प बसण्यावरच वसुली बिनघोर चालते.

माझी एक मैत्रीण समुपदेशक आहे. हे सगळं ऐकून ती चिडली. ॲपवर नाही, माझ्यावर. "तुम्हा लोकांना एका खेपेत पंक्चर काढून हवं असतं," म्हणाली. "तिसऱ्या सेशनला खरं दुखणं वर येतं आणि चौथ्याला माणूस गायब होतो. आगाऊ पैसे घेतले तर निदान येतो तरी."

तिच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे. १९८६ मध्ये केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांची मोजदाद केली, तेव्हा आठव्या सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांना फरक पडलेला दिसला. म्हणजे उरलेल्या निम्म्यांना जास्त वेळ लागतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत सौम्य नैराश्यासाठी सीबीटी या थेरपीच्या पद्धतीची साधारण ८ सेशनं सांगितली आहेत, तीव्र नैराश्यासाठी १६. वेळ लागतो, यात वाद नाही.

पण वेळ लागेल हा सल्ला झाला. त्याचं आगाऊ बिल कसं होतं?

दाताचे डॉक्टर रूट कॅनॉलला तीन खेपा पडतील म्हणतात. फॅमिली डॉक्टर पाच दिवसांनी परत दाखवा म्हणतात. त्या पाच दिवसांत तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात, तर पहिल्यानं तुमचे पैसे धरून ठेवलेले नसतात. तुम्ही परत जाता कारण गुण येतो. थेरपीत परत जायचं कारण 'आधीच पैसे भरलेत' हे असेल, तर तिथे गुण कोणाला येतोय?

आणि एका खेपेत काहीच होत नाही, हेही खरं नाही. कॅलिफोर्नियातल्या कायझर पर्मनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेत मोशे टालमन काम करत होते. त्यांच्याकडचे बरेच जण एकदाच येत आणि पुन्हा फिरकत नसत. आपण कमी पडलो, असं त्यांना वाटे. मग त्यांनी त्या लोकांना फोन लावले. बहुतेकांनी सांगितलं, जे हवं होतं ते मिळालं, म्हणून आलो नाही. त्यातून १९९० मध्ये एका सेशनच्या थेरपीवर त्यांचं पुस्तक आलं.

परत न येणारा प्रत्येक माणूस पळपुटा नसतो. त्यातल्या काहींचं काम झालेलं असतं.

हे पॅकेजच्या चौकटीत बसत नाही. बसणार कसं? ज्याचं एकात काम होतं, त्याला बारा विकता येत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐका. सेशनगणिक पैसे म्हणजे ऐन वेळी दांडी मारायची मुभा नव्हे. थेरपिस्टचा तास हाच तिचा माल. तुम्ही सकाळी अकराची वेळ घेऊन पावणेअकराला 'आज जमत नाही' म्हणालात, तर तो तास नासला. म्हणून बहुतेक जणी २४ तास आधी कळवा म्हणतात, नाहीतर फी पडते. हे रास्त आहे. मेसच्या मावशीही ताट वाढल्यावर खाडा धरत नाहीत.

रास्त नाही ती मुदत. माझे पैसे त्यांच्याकडे, माझं दुखणं माझ्याकडे, आणि ९० दिवसांनी दोन्हींतलं फक्त एक संपतं.

आणखी एक गोष्ट. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे हप्ता थांबला, असं समजणारे फार आहेत. थांबत नाही. यूपीआयवर ऑटोपेची परवानगी दिली असेल, तर ती पैसे पाठवायच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः रद्द करावी लागते. कार्डावरून दरमहा पैसे कापायचे असतील, तर किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. तो मेसेज येतो. लोनच्या, सेलच्या आणि क्रिकेटच्या मेसेजांत तो दिसत नाही, इतकंच.

ज्याला सकाळी उठून दात घासायचं बळ नाही, त्यानं ऑटोपेची परवानगी शोधून रद्द करायची?

पैशांचा प्रश्न इतका टोचतो, कारण ते खिशातून जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं २१ वं कलम सांगतं, की विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवा. वाचायला छान वाटतं. पण बहुतेक पॉलिसी मुळात ॲडमिट झाल्यावर पैसे देतात. थेरपीला कोण ॲडमिट होतं? घरी बसून तासभर बोलायचं असतं. म्हणजे समान वागणूक झाली आणि हातात काहीच पडलं नाही.

त्यात समोर बसलंय कोण, हाही प्रश्न आहेच. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. त्यांना भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्यानं, आणि ती नोंदणी तपासता येते. आणि थेरपिस्ट, काउन्सेलर, वेलनेस कोच? ही पाटी लावायला काय लागतं, ते विचारून बघा. समुपदेशकांना कायद्याच्या चौकटीत आणणारा कायदा २०२१ मध्ये झाला. अंमल सावकाश चाललाय.

उत्तम काम करणाऱ्या समुपदेशक पुष्कळ आहेत. तीन आठवड्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून मागे लावणारेही आहेत. फोनच्या पडद्यावर दोघांच्या मागची भिंत सारखीच दिसते.

म्हणून एक सेशन. फार तर दोन. तेवढ्यात कळतं.

काय कळतं? मुख्य म्हणजे भाषा कळते. ॲपवर 'मराठी' असा शिक्का असतो. प्रत्यक्षात 'तुम्ही ते कसं फील करता' इथवरच मराठी पोचते. माझी दुसरी थेरपिस्ट तशीच होती. मी म्हटलं, संध्याकाळ झाली की जिवाची घालमेल होते. तिनं विचारलं, "म्हणजे अँग्झायटी का?" नाही हो. घालमेल म्हणजे आई दवाखान्यातून आल्यावर चहा मागायची, ती वेळ झाली की हात आपोआप दोन कप काढतात, ते. उचंबळून येणं वेगळं, उदास वाटणं वेगळं, कसंनुसं होणं वेगळं, हुरहूर वेगळी. ज्याला हे वेगळं ऐकू येत नाही, त्याच्याकडे बारा तास काय बोलणार?

भाषा जमते की नाही, हे पहिल्या २० मिनिटांत कळतं. पैसे मात्र त्याच्या आधीच बाराचे मागितले जातात.

जागेचंही तेच. वन बीएचकेत पाच माणसं, त्यात ऑनलाइन थेरपी घ्यायची कुठे? आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर बुधवारी रात्री नऊला एक मुलगा बंद गाडीत बसलेला दिसतो. काचा वर, एसी बंद, फोन स्टिअरिंगला टेकवलेला, एका कानात इअरफोन. दुसरा कान मोकळा, कोणी येतंय का ते ऐकायला. वॉचमन पहिल्यांदा टॉर्च मारून बघून आला होता. आता तो तिकडची फेरी नऊपर्यंत उरकून घेतो. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही.

त्या मुलाची गाडी एखाद्या बुधवारी भाऊ घेऊन जात असेल. तो खाडा कोण वजा करणार?

गाडीच्या काचा वर करून तो जे बोलतो, ते पुढे कुठे जातं? अमेरिकेत बेटरहेल्प ही ऑनलाइन थेरपीतली बडी कंपनी. लोकांनी प्रश्नावलीत भरलेली माहिती गुप्त ठेवू म्हणून वचन दिलं आणि ती फेसबुक, स्नॅपचॅट यांच्याकडे जाहिरातींसाठी पोचवली, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं ठेवला. २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर देऊन तडजोड झाली. ही तिकडची गोष्ट. आपल्याकडे ते १४ प्रश्न कोण जपून ठेवतं? पैसे भरायच्या आधी आपण ते भरलेले असतात.

भरले नाहीत पैसे, तरी उत्तरं त्यांच्याकडे राहतातच.

मग ज्याच्याकडे हजार रुपयेही नाहीत, त्यानं काय करायचं? १४४१६ लावायचा. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून उभी आहे. सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं.

रांगेला कोणी भीत नाही. भीती असते त्या गावांच्या नावांची. 'तुला ठाण्याला पाठवायला हवं', 'येरवड्याला जागा बघ' ही आपल्या घरातली थट्टा. पिढ्यान् पिढ्या आपण ती केली. आता त्याच घरातली मुलगी रात्री गुपचूप ॲप उघडते आणि बारा सेशनांचे पैसे भरते. तिला स्वस्तातली वाट माहीत नव्हती? होती. त्या वाटेवर आपणच हसत उभे होतो.

सेशनगणिक पैसे द्या हे मी सगळ्यांना सांगत नाही, हेही स्पष्ट लिहिते. स्किझोफ्रेनिया असेल, बायपोलर असेल, जीव द्यायचे विचार येत असतील, तर हा ॲपचा आणि पॅकेजचा विषयच नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतो, घरचं माणूस बरोबर लागतं, औषध नेमानं लागतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. त्या वेळी 'बांधील व्हायचं नाही' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. माझंही नाही.

आणि सोडायचं असेल, तर सांगून सोडा. मैत्रिणीची ती तक्रार खरी आहे. मेसेज वाचायचा, उत्तर द्यायचं नाही, नंबर ब्लॉक करायचा, ही आपली रीत झालीय. माझ्याशी कोणी असं वागलं तर मी त्यावर तीन सेशनं बोलेन. एक शेवटचा तास घ्या. का सोडताय ते तोंडावर सांगा. नाही पटलं म्हणा, पैसे परवडत नाहीत म्हणा. परवडत नाही म्हटल्यावर फी कमी करणाऱ्या थेरपिस्ट मला माहीत आहेत. पॅकेज कमी करणारं ॲप माहीत नाही.

मैत्रिणीशी भांडण झाल्यावर तिनंच एक नाव सुचवलं. नाशिकच्या बाई. ॲप नाही, जांभळी चौकट नाही, प्रश्नावली नाही. फोनवर आधी दहा मिनिटं बोलल्या. शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे मी विचारायच्या आत सांगितलं. फी ९०० रुपये, सेशन झाल्यावर. किती सेशनं लागतील, असं मी विचारलं. "दोन झाल्यावर सांगते," म्हणाल्या.

दोन झाल्यावर त्यांनी सांगितलं, अजून दोन-तीन. चौथ्याला मी न उचललेल्या फोनबद्दल बोलले. पूर्ण बोलले, पहिल्यांदा. तो तास सरल्यावर त्यांनी डायरी उघडली आणि मिटली. "पुढची वेळ आज नको ठरवू या. संध्याकाळ पुन्हा जड जायला लागली तर मेसेज करा."

मी ९०० रुपये पाठवले. त्यांचा अंगठा आला.

त्याला सात महिने झाले. संध्याकाळी अजूनही कधी कधी दोन कप निघतात. मी दुसरा परत ठेवते.